विल्यम फिलिप्स आणि आगाखान पॅलेसचें बंद दार

मुत्सद्द्याच्या धंद्यांत यश कोणतें आणि अपयश कोणतें हें ठरविणें फार अवघड असतें. सेनापति जिंकला कीं हरला हें रणांगणावरच दिसतें. व्यापाऱ्याचा नफातोटा वहींत उतरतो. परराष्ट्रीय वकिलाचें काम मात्र बंद दाराआड चालतें आणि त्याची नोंद कुलपांत ठेवलेल्या कागदांत राहाते. कधीं कधीं असेंहि घडतें कीं, जी कामगिरी सपशेल फसली असें त्या वेळीं सर्वांस वाटलें, तीच त्याच्या नांवाला पुढें चिकटून राहाते. अमेरिकन मुत्सद्दी विल्यम फिलिप्स यांचें उदाहरण या दृष्टीनें पाहाण्यासारखें आहे. चाळीस वर्षांच्या काळांत त्यांनीं लंडन, पेकिंग, हेग, ब्रुसेल्स, ओटावा आणि रोम एवढ्या राजधान्यांत काम केलें. आपल्या देशाच्या परराष्ट्रखात्यांतील दुसऱ्या क्रमांकाचें पद दोन वेळां भूषविलें. तरी हिंदुस्थानांत त्यांचें नांव राहिलें तें १९४३ सालच्या अवघ्या साडेतीन महिन्यांच्या मुक्कामामुळें. आणि त्या मुक्कामांत त्यांनीं मागितलेली एकहि महत्त्वाची गोष्ट त्यांना मिळाली नाहीं.

फिलिप्स यांचा जन्म १८७८ सालीं मॅसाच्युसेट्स संस्थानांतील बेव्हर्ली येथें झाला. घराणें बोस्टनच्या जुन्या व धनाढ्य घराण्यांपैकीं. गुलामगिरीच्या विरुद्ध आयुष्यभर झगडलेले प्रसिद्ध वक्ते वेंडेल फिलिप्स हे याच कुळांतले. पण त्यांची बंडखोरी या पिढींत उतरली नव्हती. हार्वर्ड विश्वविद्यालयाची पदवी १९०० सालीं घेतल्यावर विल्यम यांनीं कायद्याचा अभ्यास आरंभिला आणि १९०३ सालीं तो मध्येंच सोडून, लंडन येथील अमेरिकन वकील जोसेफ चोट यांचे खासगी चिटणीस म्हणून ते इंग्लंडला गेले. त्या काळीं अमेरिकेंत वकिलातींतील जागा बहुधा पक्षाच्या मेहेरबानीनें मिळत. पगार तुटपुंजा असे, आणि पदाला साजेल असें राहावयाचें तर घरचा पैसा खर्च करावा लागे. स्पर्धापरीक्षा, ठरलेला पगार व क्रमानें बढती अशी घडी नीट बसली ती १९२४ सालच्या कायद्यानें. त्याच्या आधींच्या पिढींत ज्या थोड्या श्रीमंत तरुणांनीं हौस म्हणून नव्हे, तर आयुष्याचा व्यवसाय म्हणून ही नोकरी पत्करली, त्यांत फिलिप्स यांची गणना होते.

पुढची वाटचाल जवळजवळ नियमानें झाली. १९०५ सालीं ते पेकिंगच्या वकिलातींत गेले. तेथून परत आल्यावर १९०८ सालीं परराष्ट्रखात्यांत अतिपूर्वेकडील देशांसाठीं स्वतंत्र विभाग निघाला, त्याचे पहिले प्रमुख तेच झाले. प्रेसिडेंट विल्सन यांच्या कारकीर्दींत ते परराष्ट्रखात्यांत मोठ्या जागेवर असतां, आरमारखात्यांत फ्रँकलिन रूझवेल्ट नांवाचे एक तरुण अधिकारी काम करीत होते. दोन्ही कुटुंबांचा घरोबा जमला. हा स्नेह पुढें फिलिप्स यांच्या आयुष्यांत फार महत्त्वाचा ठरला. १९२० सालीं ते हॉलंडला वकील म्हणून गेले, १९२२ पासून १९२४ पर्यंत उपपरराष्ट्रमंत्री होते आणि नंतर बेल्जमला गेले.

१९२७ सालीं त्यांनीं एक चमत्कारिक वाटणारी बदली स्वीकारली. ब्रुसेल्सची जागा मोठ्या दर्जाची. ती सोडून ते खालच्या दर्जावर कॅनडांत गेले. कॅनडा तोंवर परराष्ट्रांशीं सारा व्यवहार लंडनमार्फत करी. १९२६ सालच्या साम्राज्य परिषदेनें वसाहतींचा दर्जा ब्रिटनच्या बरोबरीचा मानला, आणि त्यानंतर ओटावा येथें अमेरिकेची पहिली वकिलात उघडली ती फिलिप्स यांनीं. ब्रिटिश राजमुकुटाखालीं राहूनहि एखादा देश आपला कारभार आपण कसा पाहूं लागतो, हें त्यांना तेथें जवळून पाहावयास मिळालें. सोळा वर्षांनंतर दिल्लींत जें त्यांना खटकलें, त्याचें मूळ या अनुभवांत शोधतां येईल.

१९३३ सालीं रूझवेल्ट प्रेसिडेंट झाले आणि फिलिप्स यांना पुन्हां उपपरराष्ट्रमंत्र्याची जागा मिळाली. १९३६ सालीं ते रोमला गेले. मुसोलिनीच्या दरबारांतील हीं पांच वर्षें त्यांना फार कष्टाचीं गेलीं. जर्मनींतून हांकलल्या जाणाऱ्या ज्यू लोकांना कोठें तरी आश्रय मिळावा यासाठीं रूझवेल्ट यांचें पत्र घेऊन १९३९ सालच्या जानेवारींत ते मुसोलिनीस भेटले. त्यांतून कांहींहि निष्पन्न झालें नाहीं. १९४० सालच्या मे महिन्यांत, इटलीनें युद्धांत पडूं नये असे रूझवेल्ट यांचे निरोप त्यांनीं एकामागून एक पोंचविले. १० जूनला इटलीनें युद्ध पुकारलेंच. निरोप अचूक पोंचविणें वकिलाच्या हातीं असतें, तो ऐकला जाणें त्याच्या हातीं नसतें, हा धडा रोमनें त्यांना दिला. १९४१ सालीं ते स्वदेशीं परतले. दुसऱ्या वर्षीं अमेरिकेच्या नव्या गुप्तवार्ताखात्याची लंडनमधील कचेरी त्यांच्याकडे सोंपविण्यांत आली. ते तेथें असतांनाच रूझवेल्ट यांनीं त्यांना हिंदुस्थानांत जाण्यास सांगितलें.

त्या वेळची हिंदुस्थानची स्थिति सर्वश्रुत आहे. १९४२ सालच्या पूर्वार्धांत जपान्यांनीं ब्रह्मदेश घेतला व युद्ध आसामच्या सीमेवर आलें. चीनला रसद पोंचविण्यासाठीं अमेरिकन विमानें व सैनिक या देशांत येऊं लागले. एप्रिलमध्यें क्रिप्स यांची शिष्टाई फसली. रूझवेल्ट यांचे तेव्हांचे प्रतिनिधि कर्नल लुई जॉन्सन यांनीं तिच्यांत मध्यस्थी करून पाहिली; ती चर्चिलसाहेबांस मुळींच रुचली नाहीं. ८ ऑगस्टला मुंबईस गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे धरपकड झाली. काँग्रेसच्या कार्यकारिणीस अहमदनगरच्या किल्ल्यांत, तर गांधीजींना पुण्याजवळ येरवडा येथील आगाखान पॅलेसमध्यें ठेवण्यांत आलें. आठवडाभरांतच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई तेथें निवर्तले.

अशा वेळीं रूझवेल्ट यांना नवा प्रतिनिधि हवा होता, आणि तो इंग्रजांना न बोचणारा हवा होता. फिलिप्स यांच्याइतका योग्य माणूस सांपडणें कठीण होतें. राहाणी, बोलणें, स्नेहसंबंध या सर्वांत ते इंग्रज उमरावांच्या जवळचे होते. चळवळींशीं त्यांचा कधीं संबंध आला नव्हता. चर्चिल यांनींहि नेमणुकीचें स्वागत केलें. पारतंत्र्यांतील देशाकडे रीतसर राजदूत पाठवितां येत नाहीं, म्हणून त्यांस राजदूताचा दर्जा देऊन 'प्रेसिडेंटचे खासगी प्रतिनिधि' असें नांव देण्यांत आलें. ८ जानेवारी १९४३ रोजीं ते दिल्लींत उतरले.

व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं त्यांचा आदरसत्कार केला. फिलिप्स यांनीं घाईनें मत बनविलें नाहीं. ते ब्रिटिश अधिकाऱ्यांशीं बोलले, प्रांतांत फिरले, निरनिराळ्या पक्षांच्या माणसांना भेटले. राजगोपालाचारींशीं बोलले, जिनांचेंहि म्हणणें त्यांनीं ऐकून घेतलें. रूझवेल्ट यांस ते जीं पत्रें पाठवीत, त्यांत हळूहळू एक सूर स्पष्ट होत गेला. हिंदी पक्षांची आपसांत फूट आहे हें सरकारचें म्हणणें खरें होतें. पण ब्रिटिशांच्या आश्वासनावर कोणाचाच विश्वास उरलेला नाहीं, ही दुसरी बाजूहि तितकीच खरी होती. आणि ज्यांनीं एकत्र बसून तोड काढावयाची, त्यांतले पुष्कळसे तुरुंगांत होते व त्यांना परस्परांशीं बोलण्याची मुभा नव्हती. पक्षांनीं आधीं एकमत करावें असें म्हणावयाचें आणि एकमताची वाट बंद ठेवावयाची, या धोरणांतील विसंगति या शांत गृहस्थाच्या नजरेंतून सुटली नाहीं.

ते येऊन जेमतेम महिना झाला तोंच मोठा पेंच उभा राहिला. ऑगस्टनंतरच्या दंग्यांची जबाबदारी सरकारनें गांधीजींवर टाकली होती. तो आरोप नाकारून त्यांनीं १० फेब्रुवारीपासून एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. वय त्र्याहत्तर. उपवासापुरतें मोकळें सोडण्याची सरकारची तयारी गांधीजींनीं स्वीकारली नाहीं. पहिल्या आठवड्यानंतर प्रकृति झपाट्यानें ढांसळूं लागली. १७ फेब्रुवारीस व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळाचे तीन सभासद राजीनामे देऊन बाहेर पडले. सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह तिसरे होते यवतमाळचे लोकनायक माधव श्रीहरि अणे. सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालीं सर्वपक्षीय पुढाऱ्यांनीं दिल्लींत जमून सुटकेची मागणी केली. सरकार हललें नाहीं. गांधीजींचा तुरुंगांत अंत झाला तर बंदोबस्त कसा ठेवावयाचा, याचीहि आंखणी झाली होती.

फिलिप्स यांची अवस्था या दिवसांत विलक्षण अडचणीची झाली. अमेरिकेचे प्रतिनिधि कांहीं करतील या आशेनें लोक त्यांच्याकडे येत होते, आणि ते गप्प राहिले तर अमेरिकेची या प्रकाराला संमति आहे असाच अर्थ होणार होता. त्यांनीं वॉशिंग्टनला तारा केल्या. जाहीरपणें न बोलतां, अनौपचारिक रीतीनें व्हाइसरॉयांस अमेरिकेची चिंता कळवावी, एवढीच परवानगी आली. त्याप्रमाणें त्यांनीं ती उपवासाच्या दुसऱ्या आठवड्यांत कळविली. लिनलिथगो यांनीं आपला निश्चय बदलण्यास नकार दिला. तिकडे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनींहि ब्रिटिश राजदूत लॉर्ड हॅलिफॅक्स यांच्यापाशीं गांधीजींचा तुरुंगांत मृत्यु होऊं नये असें बोलून दाखविलें. परिणाम झाला नाहीं. गांधीजी स्वतःच्या चिवटपणानें तगले व ३ मार्चला उपवास सुटला.

यानंतर फिलिप्स यांनीं दोन गोष्टी सुचविल्या. ब्रिटिश सरकारच्या संमतीनें दिल्लींत सर्व हिंदी पक्षांची परिषद बोलवावी आणि तिचें अध्यक्षस्थान एखाद्या अमेरिकन गृहस्थाकडे असावें, ही पहिली. रूझवेल्ट यांनीं ती पुढें रेटली नाहीं. दुसरी गोष्ट अगदीं साधी. देश सोडण्यापूर्वीं गांधीजींना भेटण्याची अनुज्ञा त्यांनीं मागितली. देशांतील सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याशीं एक शब्दहि न बोलतां प्रेसिडेंटला हिंदुस्थानची हकीकत सांगणें, म्हणजे एक बाजू ऐकून निकाल देण्यासारखें होतें. व्हाइसरॉयांनीं परवानगी नाकारली. एप्रिलच्या अखेरीस निघतांना फिलिप्स यांनीं वार्ताहरांना जें घडलें तें सांगितलें: श्री. गांधींना भेटावें अशी आपली इच्छा होती, संबंधित अधिकाऱ्यांकडे आपण तशी विनंति केली, आणि आवश्यक ती सोय करतां येत नाहीं असें त्यांनीं कळविलें. यांत टीकेचा एक शब्दहि नव्हता. पण साडेतीन महिने मौन पाळलेल्या माणसाचें हें एवढेंसें वाक्य देशभर वाचलें गेलें. आगाखान पॅलेसचें दार अमेरिकेच्या प्रेसिडेंटच्या प्रतिनिधीलाहि बंद आहे, ही गोष्ट कोणत्याहि भाषणापेक्षां अधिक बोलकी ठरली.

वॉशिंग्टनला परतल्यावर १४ मे १९४३ रोजीं त्यांनीं रूझवेल्ट यांना जें पत्र लिहिलें, तेंच त्यांच्या कारकीर्दींतील सर्वांत प्रसिद्ध कागद होय. त्याचा सारांश असा. जपानविरुद्धच्या लढ्यांत हिंदुस्थान हा अमेरिकेचा महत्त्वाचा तळ आहे. म्हणून येथील कारभार ही ब्रिटनची केवळ घरगुती बाब राहात नाहीं. हें युद्ध आपलें आहे असें येथील लोकांना वाटत नाहीं. हिंदी सैन्य निव्वळ पगारी आहे व त्याच्या अधिकाऱ्यांत उत्साह नाहीं. जपानशीं लढण्यांत ब्रिटन नाममात्रच भाग घेईल असें दिसतें. युद्धानंतर ठराविक तारखेस हिंदुस्थान स्वतंत्र होईल असें बादशहांच्या नांवानें जाहीर करावें आणि तोंवर सर्व पक्षांचें हंगामी सरकार स्थापावें. लंडनच्या क्लबांत वाढलेल्या, साठी उलटलेल्या वकिलाचीं हीं वाक्यें आहेत हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांचें वजन कळतें.

चर्चिल त्या सुमारास वॉशिंग्टनमध्येंच होते. रूझवेल्ट यांनीं स्वतः हा विषय काढण्याऐवजीं फिलिप्स यांनाच त्यांच्याकडे धाडलें. फिलिप्स यांनीं आपल्या आठवणींत या भेटीचें वर्णन केलें आहे. चर्चिल संतापून येरझारा घालूं लागले. हिंदुस्थान हवा असेल तर घेऊन टाका, पण दार किंचितहि उघडलें तर कधीं झाला नव्हता असा रक्तपात होईल, असें त्यांनीं बजावलें. वाद घालण्यांत अर्थ नव्हता. फिलिप्स पुन्हां दिल्लीस गेले नाहींत. पद नांवापुरतें ठेवून, त्याच वर्षीं राजकीय सल्लागार म्हणून त्यांची लंडनच्या लष्करी मुख्यालयांत रवानगी झाली.

गोष्ट येथेंच संपावयाची, पण कागद बोलूं लागला. २५ जुलै १९४४ रोजीं ड्र्यू पिअर्सन या अमेरिकन पत्रकारानें त्या गुप्त पत्रांतील मजकूर छापला. लंडन खवळलें. अमेरिकन सरकारनें या मतांशीं आपला संबंध नाहीं असें जाहीर करावें, अशी मागणी झाली. परराष्ट्रखात्याची पंचाईत झाली, कारण हीं मतें बव्हंशीं त्याचींहि होतीं. तसा इन्कार त्यानें केला नाहीं. ऑगस्टमध्यें सेनेटर चँडलर यांनीं हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्रचिटणीस सर ओलाफ कॅरो यांच्या नांवाची एक तार उघड केली. फिलिप्स यांना पुन्हां दिल्लींत येऊं देणें शक्य नाहीं असा तिचा आशय होता. ब्रिटिशांनीं सारवासारव केली, अमेरिकन वृत्तपत्रांनीं गदारोळ केला, आणि जो प्रश्न दोन वर्षें दाबून ठेवला होता तो चव्हाट्यावर आला. त्याच वर्षीं फिलिप्स नोकरींतून निवृत्त झाले.

या कामगिरीचें मोल ठरवितांना भाबडेपणा उपयोगी नाहीं. फिलिप्स यांच्या पत्रांत हिंदी जनतेविषयीं सहानुभूति असली, तरी त्याचा पाया अमेरिकेचें हित हाच होता. त्यांचे कांहीं अंदाजहि चुकले. ज्या सैन्याला त्यांनीं निरुत्साही म्हटलें, त्यानेंच १९४४ सालीं इंफाळ व कोहिमा येथें जपान्यांना परतविलें. आणि ब्रह्मदेशच्या मोहिमेनें ब्रिटन नाममात्र लढेल हा तर्कहि खोटा पाडला. पण त्या सैन्याच्या मनांत कांहीं तरी धुमसत आहे ही शंका निराधार नव्हती. १९४६ सालच्या फेब्रुवारींत मुंबई बंदरांत नाविकांनीं बंड पुकारलें तेव्हां ती सर्वांना पटली. रक्तपाताचें चर्चिल यांचें भाकित १९४७ सालीं भयंकर रीतीनें खरें झालें असेंहि कोणी म्हणेल. परंतु बोलणीं करण्याचा काळ तुरुंगाच्या कुलपांत घालवल्यानें तें टळण्यास मदत झाली, असें मात्र कोणास म्हणतां येणार नाहीं. तारीख ठरवून सत्ता सोडण्याची जी सूचना १९४३ सालीं धुडकावली गेली, तिच्यासारखीच घोषणा २० फेब्रुवारी १९४७ रोजीं ॲटली यांना करावी लागली.

निवृत्तीनंतरहि सरकारनें त्यांना स्वस्थ बसूं दिलें नाहीं. १९४६ सालीं पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर नेमलेल्या बारा जणांच्या अँग्लो-अमेरिकन समितींत ते होते. छळांतून वांचलेल्या एक लाख ज्यूंना तेथें प्रवेश द्यावा ही तिची एकमुखी शिफारस ब्रिटिश सरकारनें अमलांत आणली नाहीं. १९४७ सालीं सयाम व फ्रेंच हिंदी चीन यांच्या सरहद्दीच्या तंट्यांत सलोखा मंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. १९५२ सालीं त्यांनीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि १९६८ सालीं ते वारले. दुसऱ्याच वर्षीं आगाखान पॅलेसची वास्तु राष्ट्राला अर्पण झाली. महादेवभाई व कस्तुरबा यांच्या समाध्या तेथें आहेत आणि कोणालाहि तेथें जातां येतें.

फिलिप्स यांनीं हिंदुस्थानला स्वातंत्र्य मिळवून दिलें नाहीं, एका कैद्याची भेटहि त्यांना मिळाली नाहीं. जें पाहिलें तें, ज्यांना तें ऐकावयास नको होतें त्यांच्यापुढें, त्यांनीं कमीजास्त न करतां मांडलें. आंदोलकाच्या तोंडीं जें नित्याचें वाटलें असतें, तें विरुद्ध बाजूच्या मित्राच्या लेखणींतून आलें म्हणून त्याला साक्षीची किंमत आली. स्वतःच्या आवडीनिवडीविरुद्ध दिलेली साक्ष लवकर पुसली जात नाहीं. चाळीस वर्षांच्या नोकरींतून या मुत्सद्द्याच्या नांवावर मागें राहिली ती हीच.